चूक-भूल तीन टक्के

टीव्हीवरच्या वर्तुळात आमची फोड करड्या रंगाची,
नखाएवढी. नाव नाही. ‘इतर’.
सातपूरच्या कार्यालयात, म्हणजे पगारेच्या वेल्डिंगच्या दुकानात,
शटर अर्धं ओढून पाच जण बघत होतो.
दोन पूर्णांक सहा.
आणि खाली मुंगीच्या अक्षरात : चूक-भूल तीन टक्के.
पगारे हसला. “म्हणजे आपण आहोत की नाही
त्याचंच नक्की नाही.”

हिराताईंनी पत्रकांचा गठ्ठा सोडला,
उद्याच्या अशोकनगरच्या फेरीसाठी घड्या घालू लागल्या.
उमेदवार त्याच.
“किटलीची तोटी डावीकडे छापलीय रे,
मशिनवर उजवीकडे असेल. लोक गोंधळतील?”
कुणी बोललं नाही.

मी गप्प होतो ते वेगळ्या कारणानं.
मागच्या मंगळवारी ती टॅबवाली पोरगी दारात आली,
उन्हानं लाल. आधी पाणी मागितलं,
मग विचारलं, मत कुणाला?
यादीत किटली नव्हती.
शेजारचा बोडके जिन्यात कुलूप लावत होता,
केव्हाचा लावत होता.
अकरा वर्षं खजिनदार आहे मी या पक्षाचा.
म्हणालो,
अजून ठरलं नाही, ताई.