कायमचा पत्ता

डंडीत, टेकडीवरच्या दगडी इमारतीत, मुलीच्या तिसऱ्या मजल्यावर
आज माझा एकशे एकोणसाठावा दिवस.
एकवीस उरलेत.
फ्रिजवरच्या कॅलेंडरवर नातू रोज एका चौकोनावर काट मारतो.
त्याला वाटतं, माझा वाढदिवस जवळ येतोय.

वकीलबाई भली. मोराग नाव.
म्हणाली, कायम राहायचं तर इथून अर्जच करता येत नाही.
परत जा, तिकडून करा,
आणि त्यात दाखवून द्या की तुम्हाला
आपल्या हातानं आंघोळ होत नाही,
साडी नेसता येत नाही, घास तोंडात जात नाही,
आणि हे सगळं करणारं माणूस तुमच्या देशात
पैसे मोजूनही मिळत नाही.
मी म्हटलं, अहो, मी आत्ता तुमचे तीन जिने चढून आले.
म्हणाली, तीच तर अडचण आहे.
ऋजुता हसली. मग हसली नाही.

एकतीस वर्षं मेहकरच्या तहसिलीत
मी खिडकीच्या आतल्या अंगाला बसले.
खाडाखोड आहे, झेरॉक्स पुसट आहे,
सोमवारी या. सोमवारी साहेब दौऱ्यावर.
कुणाच्या चहाची मिंधी नव्हते, त्याचा केवढा ताठा!

सोनबा बेलदार म्हणून एक म्हातारा तीनदा आला.
नातीला वसतिगृहात घालायचं होतं, दाखला हवा होता.
मी म्हटलं, एकसष्ट सालाआधी तुमचे वडील कुठं राहत होते
त्याचा कागद आणा.
म्हणाला, बाप राह्यत नव्हता, बाई.
बाप चालत होता.
गाढवावर पाल, पालावर आम्ही पोरं.
मी म्हटलं, तसा रकाना नाही.

चौथ्यांदा तो आला नाही.
मला वाटलं, सापडला असेल कागद.

या खेपेला एडिंबरा विमानतळावर
काचेमागच्या पोरानं माझ्या पासपोर्टची पानं उलटसुलट चाळली.
सारखं सारखं का येता? राहायचा विचार नाही ना?
नाही, म्हटलं.
ऋजुतानं तसं घोकून घेतलं होतं माझ्याकडून.
खोटं बोलताना मान खाली जाते म्हणतात. माझी गेली नाही.
मी त्याच्या शिक्क्याकडे बघत होते,
शाई नीट उठली का.

काल रात्रीचे साडेनऊ, बाहेर अजून ऊन, खाली टे नदी पाऱ्यासारखी.
ऋजुतानं लॅपटॉपवर अर्ज उघडला, नुसता बघायला म्हणून.
ती प्रश्न वाचते, मी ज्वारीचं पीठ मळते.
स्वतःचा स्वयंपाक स्वतः करता येतो का?
माझा हात परातीत.
ती माझ्याकडे बघते, मी तव्याकडे.
आणि ग्लासगोहून आणलेल्या त्या शिळ्या पिठाची भाकरी,
जी सहा महिन्यांत एकदा धड फुगली नाही,
ती टम्म फुगून उभी राहते
साक्षीदार फुटावा तशी.

कायमचा पत्ता? ती विचारते.
मेहकरचं घर गेल्या वर्षी विकलं.
ती तो रकाना रिकामाच ठेवते.
आम्ही कचेरीत रिकाम्या रकान्यात
लाल शाईची आडवी रेघ मारायचो,
मागाहून कुणी तिथं काही लिहू नये म्हणून.
हे मी तिला सांगत नाही.

दुसरी भाकरी फुगत नाही.
ती मी घेते.