ळचा खण

पहिल्या चिन्हात मोर होता.
सावियोने पणजीहून पाठवलेला, पिसाऱ्यात सात रंग,
खाली सोनेरी अक्षरांत मळीक प्रिंटर्स.
मोबाइलवर झकास दिसला.
मग मी तो पावतीपुस्तकाच्या कोपऱ्यात बसवला,
एका शाईत, स्वस्त पिवळ्या कागदावर,
चवलीएवढा,
आणि मोराचं झुरळ झालं.

बाबा रे, म्हटलं,
आमच्या गिऱ्हाइकाला जत्रेची दोनशे हस्तपत्रकं हवी असतात
उद्या सकाळी,
आणि पैसे चवथीनंतर द्यायचे असतात.
खाण बंद पडली तेव्हा ट्रकांच्या ट्रिपांची पुस्तकं गेली,
उरलंय ते हे.

दुसऱ्यात माड.
माड पतपेढीला आहे, बेकरीला आहे,
बाजारातल्या दातांच्या डॉक्टरलाही आहे.
तिसऱ्यात इंग्रजी एम, हिरवा.
लांबून औषधांचं दुकान.

शेवटी तो स्वतःच आला, कदंबाच्या बसने, साखळीला.
खुर्चीत बसायच्या आधी विचारलं,
तुमी विकतात तें कितें?
छपाई, मी म्हटलं.
न्हय, म्हणाला. आनी कितें?

मला काही सुचेना, म्हणून त्याला मागे नेलं.
आबांचं ट्रेडल तिथे चादरीखाली आहे,
आणि भिंतीला खिळ्यांच्या केसेस,
ज्यांना गेली वीस वर्षं झुरळांशिवाय कुणी हात लावला नाही.
क भरलेला. त भरलेला.
ञ तर फाउंड्रीतून आला तसा कोरा, चकचकीत.
एका खणात मात्र पाच-सहाच खिळे,
तोंडं घासून सपाट झालेली.

हे खंय गेले?

मग सांगितलं.
बारसं असो, मुंज असो, लग्न, दशावतार, बाराव्याचं,
मजकूर बदलतो, नावं बदलतात,
खाली दोन शब्द ठरलेले:
स्थळ
वेळ
ते नसतील तर पत्रिका म्हणजे नुसती बातमी.
वैशाखात चार लग्नं एकदम आली की ळ पुरत नसत.
आबा डिचोलीहून, कामतांच्या प्रेसमधून
रुमालात बांधून मूठभर उसने आणायचे
आणि मोजून परत करायचे.
एकदा दोन कमी भरले.
सहा महिने दोघे बोलले नाहीत.
मग कामतांच्या मुलीचं ठरलं,
तेव्हा आबा न बोलावता गेले, दोन ळ खिशात घालून.
कुठून आणले, घरात कुणाला कळलं नाही.

सावियोचं अर्धं लक्ष होतं.
त्याने एक खिळा तळहातावर घेऊन फिरवला,
आडवा, उभा, उजेडाकडे.
दोन रूळ, म्हणाला.
हो शाईचो. हो कागदाचो.

चाळीस वर्षं मी ते अक्षर वाचत होते.

त्याने तेवढंच काढलं. एक जाड ळ,
डाव्या वाटोळ्याला टवका गेलेला, खिळ्याला होता तसाच.
टवका बुजव, मी म्हटलं. नाही म्हणाला.
रबरी शिक्क्यावर पाहिला, उमटला.
झेरॉक्सची झेरॉक्स काढली, टिकला.
मसुराएवढा केला, तरी ळच.
स्कूटरच्या डिकीवर चिकटवून
रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला विचारलं, काय दिसतं?
ळ, तो म्हणाला, का?
भावाने बिल पाहिलं.
एका अक्षराचे बारा हजार?
अख्खी केस आणली होती आबांनी तेवढ्यात.
आणि पतपेढीच्या मॅनेजरांना अजून वाटतं
की पाटीवरची बाकीची अक्षरं गळून पडली.

परवा वाळवंटीपलीकडचे एक गृहस्थ आले,
डोक्याचा नुकताच गोटा केलेला.
शिक्क्याकडे बोट दाखवलं.
हा मळीकांतला काय?
हो.
साखळीतला पण होईल, म्हणाले,
आणि घडी केलेला कागद पुढे सरकवला.
आईचं नाव होतं, तिथी होती, वेळ होती.
स्थळ? मी विचारलं.
घर.
घर तर सगळ्यांना ठाऊक आहे.

तरी घालूया, मी म्हटलं.