मैल

पहाटे चार चाळीसला गाडी काढतो.
तीस वर्षं केंटकीच्या याच घाटातून कोळसा ओढला,
आता औषध.
वजन म्हणाल तर काहीच नाही,
सगळं एका तिजोरीत मावतं,
तरी वळणावर मी पूर्वीपेक्षा हळू असतो.

दवाखाना सत्तर मैलांवर होता.
रोज जायचं, रोज एक घोट, रोज परत,
आणि वर नोकरी टिकवायची.
फेब्रुवारीत व्हर्लिनची गाडी बंद पडली
तर तो बर्फातून चालत निघाला,
कोणी मधेच उचललं, कोणी उतरवलं,
पोचला तेव्हा खिडकी लागलेली.
आतली बाई हातानं घड्याळ दाखवत होती.

आता खिडकीलाच चाकं आलीत.
उठून गेलेल्या किराणा दुकानाच्या आवारात उभी राहते,
सहा ते साडेआठ.
पहिल्या दिवशी कोणीतरी आवारात खिळे पसरले.
दुसऱ्या दिवशी मी झाडू घेऊन गेलो.
महिन्याभरानं, खिळेवाल्यांतल्या एकीची पोरगी रांगेत,
आणि आई मागे गाडीत, काच वर करून.
मी ओळखलं. बोललो नाही.
गाव लहान आहे.

ओपल घोट मोजते. "नाव सांग," म्हणते,
रोजच्या माणसालाही, रोज.
नियमच आहे तसा.
पण काहीजण नाव सांगताना जरा ताठ उभे राहतात.

खड्यांच्या नशेवर मात्र असा घोट नाही.
मेथवाल्यांसाठी ओपलकडे एक काचेचं भांडं आहे,
आधी त्यात मासा असावा.
आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची,
स्वच्छ निघाली की हात घालून चिठ्ठी उचलायची.
कुठं एक डॉलर, कुठं वीस,
एकीत शंभर आहेत म्हणे, मी पाहिलेली नाही.
निम्म्यांवर नुसतंच: शाब्बास.

मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.
ही काय बालवाडी आहे?
मग रेनेलला, वय एक्केचाळीस, वरचे दात गेलेले,
मुलं सरकारच्या ताब्यात,
शाब्बास निघाली.
तिनं ती उलटीसुलटी करून पाहिली.
म्हटलं, आता भांडं फुटतंय.
ती म्हणाली,
"ही घरी नेली तर चालेल?"

कोल्बीला मी अकरा दिवस नेलं.
सत्तर जाताना, सत्तर येताना.
तो खिडकीला डोकं टेकून झोपायचा,
काचेवर त्याच्या श्वासाचा गोल उमटायचा, विरायचा.
बाराव्या दिवशी माझी पाळी होती, रजा मिळाली नाही.
एवढंच.
लोक विचारतात, मग पुढे काय झालं?
पुढे नाही झालं.

गुरुवारी सभा आहे.
पलीकडच्या खोऱ्यात दुसरी गाडी द्यायची की नाही,
त्यावर हात वर होणार आहेत.
तिथून एकोणीस जण येतात आमच्याकडे,
एक बाई तर ट्रॅक्टरवर.
कोणी उठून म्हणेलच, स्वतःच्या हातानं लावून घेतलेलं दुखणं,
आमच्या पैशानं का?
ओपल म्हणते, तूही बोल.

मला बोलता येत नाही.
पाच लोकांसमोर घसा कोरडा पडतो.
उभा राहीन, टोपी काढीन,
आणि मैल सांगेन.
जाण्याचे वेगळे,
येण्याचे वेगळे.