हातातलं सामान

फेरीबोटीच्या तिकिटखिडकीत मी एकोणतीस वर्षं बसलो.
माणूस तीनशे येन, सायकल दीडशे,
मोटारसायकल अकराशे,
शवपेटी असेल तर वरती विचारून.

चिएनो उरागामी म्हणाली, एक माणूस. हातातलं सामान एक.
मी काचेतून वाकून पाहिलं.
वीतभर चाकं, लाल टाकी,
चौकड्यांची गादी, सोफ्यावरून कापून आणल्यासारखी,
आणि मागे बांधलेली पियानो सुरात लावायची हत्यारं.

ही मोटारसायकल आहे, बाई.
आत्ता नाही, ती म्हणाली.
हँडलाच्या मुळाशी दोन गोल मुठी सैल केल्या,
हँडल दोन्हीकडून खाली पडलं,
झोपलेल्या सशाच्या कानांसारखं.
टाकीच्या झाकणावरची खिट्टी फिरवली,
म्हणाली, आता आडवी पाडा, थेंब सांडणार नाही.

नियम सातवा: प्रवाशाला स्वतः उचलता येईल ते हातातलं सामान.
गाडी चोपन्न किलो. बाई बेचाळीस.
तिने पुढचं चाक उचलून बोटीच्या फळीवर ठेवलं,
श्वास घेतला,
मग मागचं उचललं.
सगळं एकदम उचला, असं नियमात कुठे लिहिलंय?

लिहिलेलं नव्हतं. मी त्या रात्री सगळी वही वाचून काढली.

मग दर दुसऱ्या मंगळवारी,
बोट सुटायला वेळ असला की, खिडकीतून थोडं थोडं.
इंजिन केवढं? एकोणपन्नास सी.सी.
म्हणजे किती? तुमच्या हातातला चहा, अर्धा पिऊन झाल्यावर.
क्लच? आपोआप. डाव्या हाताला काही कामच नाही.
गियर? तीन. पहिला चढासाठी,
दुसरा चढासाठीच,
तिसरा मनाच्या समाधानासाठी.
वेग? ताशी चाळीस, वारा पाठीशी आणि पोट रिकामं असेल तर.
किंमत? निवृत्त पोस्टमनकडून वीस हजार येन,
त्यात त्याचं हेल्मेटही दिलं, ते डोळ्यांवर येतं.

व्हॉल्व्हची फट पाच शतांश मिलिमीटर ठेवतात म्हणे.
ती मोजपट्टी वापरायची नाही.
धक्क्यावर उकिडवी बसून कान लावायची,
पाना केसभर फिरवायची,
म्हणायची, आता बसली खर्जात.
मला ते सगळं शिवणयंत्रासारखंच ऐकू यायचं.

मिनाशिमाच्या शाळेत तेव्हा सात मुलं होती.
नंतर तीन.
नंतर एक, तिची पाळी नेहमी आधी यायची, अर्थातच.
मार्चमध्ये शाळेला कुलूप लागणार, सगळ्यांना माहीत,
तरी बाई आली. आता कोणासाठी?
पैसे आगाऊ दिलेत त्यांनी, ती म्हणाली,
आणि समोरच्या समुद्राकडे बघत राहिली.

त्याच दिवशी वरून नवा माणूस आला होता, बूट चकचकीत.
नंबरप्लेट आहे ते वाहन. अकराशे.
त्याने नियमाच्या वहीत तिथल्या तिथे ओळ वाढवली
आणि शाई वाळावी म्हणून फुंकर मारली.
बाईने पाकीट उघडलं. आत बघत राहिली जरा जास्तच वेळ.

मी खिडकी बंद केली.
बाजूच्या दाराने बाहेर आलो,
स्वतःच्या नावाचं तीनशेचं तिकीट फाडलं,
आणि त्या माणसाला म्हणालो, नंबरप्लेट काढून तुमच्या टेबलावर ठेवतो,
परत येईपर्यंत सांभाळा.
दोन नट होते. बाईच्या पान्याने लगेच निघाले.

मग ती उचलली. दोन्ही चाकं एकदम.
इतकी वर्षं ती संख्या माझ्या तोंडपाठ होती,
चोपन्न,
पण संख्येला कोपरे असतात, फूटरेस्ट असतात,
गरम सायलेन्सर असतो,
हे खिडकीतून दिसत नाही.
पोटरीवर बोटभर डाग उठला, अजून आहे.

फळीवर तिला टेकवताना माझ्या कमरेतून
कट्ट असा आवाज आला.
चिएनोबाईने मान तिरकी केली,
जरा थांबून म्हणाली,
हे मात्र माझ्याच्याने सुरात लागणार नाही.