बिनसणाचा महिना

हेश्वान. सण एकही नाही.
तिश्रीनं सगळे ओरबाडून नेले:
नवं वर्ष, मोठा उपास, झावळ्यांचा मांडव,
तोरा कवेत घेऊन नाचणं,
आणि मागं टाकला हा महिना,
जत्रा उठल्यावरच्या मैदानासारखा.

डलूथमध्ये सरोवरावरून वारा सुटलाय.
सिनेगॉगच्या कचेरीत हीटर खोकतोय,
आणि माझ्यासमोर एकोणतीस चौकोन.
सव्वीस वर्षं मी हे पत्रक काढते.
राबाय म्हणतात, "मिर्ना, राहू देत रिकामे, लोक दमलेत."
दमलेत, खरंय.
पण रिकामा चौकोन दिसला
की पाहुण्यापुढे कोरडं ताट ठेवल्यासारखं होतं मला.

म्हणून लिहिते.
सोमवार, सकाळी दहा: मृतांना न्हाऊ घालणारं मंडळ.
तागाची वस्त्रं शिवायची आहेत.
सुईत दोरा ओवता येतो त्यांनी यावं,
येत नाही त्यांनी केक आणावा.

शनिवार: नोहाचा पाठ, मग चर्चा, मग सूप.
तळघरात पाणी साचल्यानं चर्चा वरच्या मजल्यावर.
(हा विनोद नाही. पंपवाल्याला दोनदा फोन केलाय.)

गुरुवार, संध्याकाळची प्रार्थना.
आमच्यात माणसं आकड्यांनी मोजत नाहीत.
दहा शब्दांचं एक वचन आहे,
एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत जायचं.
गुरुवारी आम्ही बहुधा नवव्यावर अडतो.
नववा शब्द 'पर्यंत'.
दहावा 'सर्वकाळ'.
मग ते 'पर्यंत' तोंडात धरून
खिडकीतून बघत राहायचं, कुणाच्या गाडीचे दिवे वळतायत का.

ऑर्वो निस्कानेन दारात उभा असतो, फावडं घेऊन.
ल्यूथरन माणूस. बर्फ काढतो, दिवे मालवतो,
कुठलं पान चाललंय ते आमच्यातल्या निम्म्यांहून नीट जाणतो.
शब्द त्याच्यावर पडत नाही, हेही जाणतो.
गेल्या गुरुवारी काही न बोलता गेला
आणि पुढच्या गल्लीतून पेशा हॉफनुंगला घेऊन आला,
घरातल्या सपातांसकट.
त्या दिवशी कद्दिश मला म्हणायचं होतं.
हे पत्रकात येत नाही.

मंगळवार, चार वाजता: अक्षरओळख.
तिर्झा, आशेर, धाकटी ओडेलिया,
आणि झेलिग पोमरान्झ, वय एक्याऐंशी.
चाळीस वर्षं खनिजाच्या धक्क्यावर काढलेला माणूस.
प्रार्थना सगळ्या पाठ, पण कानानं.
शेजारच्यानं पान उलटलं की हाही उलटायचा.
पेसाहच्या जेवणात, चौथ्या पेल्यानंतर, त्यानंच सांगून टाकलं.
आता बुटक्या खुर्चीत बसतो, गुडघे हनुवटीशी,
आणि ओडेलिया शिकवते:
पोटात टिंब असलं की ब. टिंब हरवलं की व.
"हरवतं कसं?"
"पडतं," ती म्हणते.

काल तास संपल्यावर तो कचेरीत आला. टोपी हातात.
मागच्या भिंतीवर जुना पितळी फलक आहे, नुसता हिब्रू.
तिसरी ओळ, कडेचं नाव: त्याच्या वडिलांचं.
मोठ्या भावानं लहानपणी लांबून बोट दाखवलेलं.
तेव्हापासून दरवर्षी तो त्याच नावाजवळचा दिवा लावत आला,
त्याच अक्षरांना हात लावत आला.
काल वाचलं.
हाईम, शमुएलचा मुलगा.
वडील एक ओळ खाली आहेत.

मला वाटलं, रडेल.
तो म्हणाला, "वडिलांचं मी बघून घेईन. ते समजून घेतील.
पण या हाईमला आता काय सांगू?
इतकी वर्षं येत होतो, आता येत नाही, असं?"

वहीत शोधलं. या हाईमचं कुणी उरलेलं नाही,
निदान आमच्या वहीत नाही.
तारीख मात्र आहे: एकोणतीस हेश्वान.

शेवटच्या चौकोनात लिहिलं:
हाईम बेन शमुएल यांचा स्मरणदिन.
कुणी ओळखत असल्यास कळवावं.
दिवा झेलिग पोमरान्झ लावतील.
कॉफी असेल.