लिहून देणार, लिहून घेणार

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला लागून माझं टेबल,
प्रिंटर, आणि कागद उडू नयेत म्हणून
अर्ध्या किलोचं एक जुनं वजन.

ते दोघं आले एकाच स्कूटरवरून.
सोपान कुदळे, हारवाले.
इलियास मणेर, घड्याळं दुरुस्त करणारे.
रविवार पेठेत सहा बाय आठचा गाळा,
पहाटे पाच ते अकरा फुलं,
अकरानंतर घड्याळं.
बावीस वर्षं. चिठोरासुद्धा नाही.
"आता पोरं मोठी झाली," कुदळे म्हणाले
आणि पुढचं बोललेच नाहीत.

मी विचारलं, लिहून देणार कोण? लिहून घेणार कोण?
दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

म्हटलं, करार दुहेरी आहे.
याचा हक्क तेच त्याचं देणं.
मोबदला नसेल तर कायद्याला शब्द ऐकू येत नाही.
तेव्हा सांगा, कोण काय देतो?

"मी जाताना ओटा कोरडा करतो.
यांच्या कामाला पाण्याचा थेंब चालत नाही."
"मी रात्री चुंबक फिरवतो.
एखादा स्क्रू हारात गेला
तर देवाला टोचायचा."

मी टाइप केलं :
उभय पक्ष जागा स्वच्छ ठेवतील.

"वीजबिल?"
"ज्याच्या हातात पडेल तो भरतो."
निम्मे-निम्मे, मी लिहिलं.

कलम सात नेहमीचंच, सवयीने वाचून टाकलं,
कोणत्याही पक्षाने शर्तभंग केल्यास
मणेरांनी चष्मा काढला.
"भंग म्हणजे?"
म्हणजे समजा, यांनी ओटा ओला सोडला.
"सोडला होता की. यांची आई गेली तेव्हा.
तेरा दिवस मीच पुसला."
"मग नोटीस दिलीत?"
कुणी हसलं नाही.
मीही गंमत केली नव्हती.

बॅकस्पेसवर बोट ठेवून मी वाट पाहिली.
मणेर रस्त्याकडे बघत म्हणाले,
"राहू द्या ते. पोरांना लागेल."

साक्षीला चहावाला आणि पलीकडचा झेरॉक्सवाला.
राजीखुशीने, अक्कलहुशारीने,
कुणाच्याही दडपणाशिवाय.
सहीआधी कुदळ्यांनी
माझ्या टेबलावर सांडलेला चहा
बाहीने पुसून काढला, कोपऱ्यापर्यंत.

दोन प्रती. शिक्क्याची शाई ओली होती.
वाळेपर्यंत दोघं उन्हात उभे राहिले.