कंस

सिव्हिलच्या एक्स-रे खोलीत काल मुरलीकाका आले.
वय ब्याऐंशी. तक्रार : कंबर.
नातं या रकान्यात मी लिहिलं : पुतण्या.
पेन थोडं अडखळलं, रिफिल जुनी आहे.

शर्ट काढा म्हटलं. ताईत काढा.
पाठ प्लेटला टेकवा.
ती टेकेना.
फिल्म उजेडावर धरली तर मणका
गंगा रामकुंडाशी दक्षिणेला वळते तसा.

असा एक मणका आधी पाहिला होता,
नाशिकरोडला, तंत्रज्ञांच्या शिबिरात, पडद्यावर.
इंग्लंडचा कुठलासा राजा, पाचशे वर्षं हरवलेला,
गाड्या लावायच्या आवारात डांबराखाली सापडला.
दोन पुतण्यांचा पालक होता म्हणे.
थोरला बारा वर्षांचा, धाकटा नऊ.
मुलं किल्ल्याच्या अंगणात खेळताना दिसायची,
मग खिडकीत दिसायची,
मग दिसेनाशी झाली.
मुकुट काकाच्या डोक्यावर.
लोक म्हणाले, पाठ वाकडी तशी नियतही.
लिहून ठेवणारे, त्याला मारून जो गादीवर बसला त्याचे.
डॉक्टर भामरे काठी फिरवत म्हणाले,
हाडावरून एवढंच सिद्ध होतं की हाड वाकडं होतं.
मग चहा झाला.

रंगनाथ बारा, छबू नऊ.
ऐंशीचा सिंहस्थ, दुसरी पर्वणी.
थोरले काका आदल्या वर्षी गेलेले,
मखमलाबादच्या सातबाऱ्यावर दोघा पोरांची नावं
आणि पुढे अ.पा.क. मुरलीधर.
काका दोघांना घेऊन गंगेवर गेले
आणि रात्री चालत परतले,
पिशवीत चपलांचे दोन जोड.

सात वर्षं वाट पाहून तलाठ्याने
लाल शाईने नावं उडवली :
(रंगनाथ)
(छबू)
कंस झाला, असं म्हणतात त्याला कचेरीत.
गावाने तो शब्द घरी नेला.
मामाचं नाव काकाला चिकटलं, कुणाला खटकलं नाही.
तशी नदीपलीकडेच आनंदवल्ली,
काकांच्या गोष्टींसाठी आम्हाला लांब जावं लागत नाही.
बोलणारे बरेचसे भाऊबंद,
बांधाला बांध असलेले.

थोरली काकू काही बोलली नाही.
मरेपर्यंत रोज त्यांचं ताट वाढलं,
ते जेवायला बसले की चुलीकडे तोंड करून बसायची.

काकांनी बाग लावली, थॉमसन.
माझी फी त्या बागेने भरली.
छबूचा गणवेश मी दोन वर्षं घातला,
नंतर तो मला आखूड झाला.
गेल्या चैत्रात बक्षीसपत्र केलं माझ्या नावाने.
कुठे सही करायची ते काकांनी
बोट ठेवून दाखवलं, मी केली.

बाजूने एक काढायचा राहिला होता.
श्वास घ्या. रोखा.
काचेमागे जाऊन बटण दाबलं
आणि सोडा म्हणायचं विसरलो.
ते रोखून उभेच.

गुंड्या लावताना विचारलं,
यात सगळं दिसतं का रे?
नाही म्हटलं. हाडंच.
बरं, म्हणाले.
ते बरं मी रात्रभर उलटंसुलटं
उजेडावर धरून पाहिलं.

बाकावर बसून त्यांनी पाय पुढे केले.
वाकता येत नाही आताशा.
मी खाली बसलो, चपला ओढल्या,
आधी डावी घातली.
उजवीचा अंगठा तुटत आला होता,
तो धरून ठेवला जरा वेळ.